चौदाव्या ओळीवरचा हुंकार

बापू वस्ताद काठीनं उंबरा चाचपून आत आले आणि सरळ माझ्या टेबलाशी येऊन थांबले. दृष्टी जाऊन सात-आठ वर्षं झाली, पण आयुष्यभर तालमीत पोरांना डाव शिकवणाऱ्या माणसाला पायाखालच्या जमिनीचा अंदाज असतो. वाचनालयात ते कधी खुर्चीला धडकले नाहीत. मी धडकतो.

"पुस्तकसाहेब, हाईसा न्हवं?"

"आहे, वस्ताद. बसा ना."

"बसतो. आदी सांगा, जवळपास कोन हाय का?"

दुपारी एक ते चार आम्ही वाचनालय बंद ठेवतो. शिपाई घरी जेवायला जातो आणि मी डबा खाऊन पुस्तकांचे फाटके कोपरे चिकटवत बसतो. निवृत्त होऊनही समितीनं मला मानद ग्रंथपाल म्हणून ठेवलं आहे, ते बहुधा दुसरं कोणी मिळालं नाही म्हणून.

"कोणी नाही," मी म्हणालो.

वस्तादांनी खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला. "माझ्या गोष्टीत वहिनी हुंकार देत्यात."

मला शब्द कळले. वाक्य कळलं नाही.

"कोणत्या वहिनी?"

"तुमच्या. वैजयंतीवहिनी."

वैजयंतीला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

"खुनाची गोष्ट चाललीया," वस्ताद सांगू लागले. "इन्स्पेक्टर दार फोडतो. मी हूं म्हननार, त्याच्या आदीच कोनतरी म्हनतं, 'हं.' बाईमानूस. मला वाटलं आमची सून. तर सून गेलीया रानात. दुसऱ्या दिशी पुन्हा. तुमच्या घरात बसून एवढा च्या पिलोय मी, वहिनींचा हं वळखनार न्हाई व्हय? आवाजानंच जगतोय की आता."

मी काहीतरी बोललो असेन. भास, ओळीतला बिघाड, असं काही. वस्ताद उठले आणि जाताना म्हणाले, "भास आसंल तर चांगलंच हाय. पर त्यांना खुनाची गोष्ट आवडत न्हवती ना हो? मंग हितं कशाला आल्या?"

*

यंत्राबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला विज्ञानातलं फार समजत नाही. सानिया अत्तारनं मला जसं समजावलं, तसं सांगतो. सानिया मिरजेची, हे यंत्र बसवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. तिचं आजोळ आमच्या गावात. लहानपणी मे महिन्यात आजोळी आली की रोज बालविभागात येऊन दोन पुस्तकं न्यायची.

आपला नेहमीचा संगणक म्हणजे एक कपाट आणि एक टेबल. आठवण कपाटात, काम टेबलावर. प्रत्येक गोष्टीसाठी कपाटापर्यंत जायचं, आणायचं, वाचायचं, परत ठेवायचं. सगळी वीज या येरझाऱ्यांत जाते. नव्या चिपमध्ये कपाट आणि टेबल वेगळं नाही. तिच्यात अगणित बारीक सांधे असतात, आणि विजेचा प्रवाह एखाद्या सांध्यातून जितक्या वेळा जाईल तितकी त्याची वाट मोकळी होत जाते. माळावर जाऊन-येऊन पायवाट पडते, तसं. आठवण म्हणजे ती पायवाट, आणि विचार म्हणजे तिच्यावरून चालणं. त्यामुळे पूर्वी ज्या कामाला अख्ख्या इमारतीएवढे संगणक लागत, ते आता एका पंख्याच्या विजेवर होतं. म्हणून तर आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाला ते परवडलं.

पण या पायवाटांची नक्कल करता येत नाही. कारखान्यातून निघताना कोणत्याही दोन चिपा तंतोतंत सारख्या नसतात. एका माळावरची वाट उचलून दुसऱ्या माळावर नेली, तर तिथे खडक वेगळे, चढ वेगळे. यंत्र जे शिकतं ते फक्त त्याच्याच पोटात राहतं. ते पुसलं की गेलं.

आम्ही त्याला 'वाचक' म्हणतो. गावातल्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या ज्यांना दिसत नाही किंवा हात उचलत नाही, अशांच्या उशाशी एक लहान पेटी असते. प्रत्येक पेटीला यंत्राशी जोडणारी एक वेगळी ओळ, आणि तिला आकडा. दुपारी ठरलेल्या वेळी पेटीतून वाचक पुस्तक वाचतो. कंपनीचा पहिला वाचक बातम्या दिल्यासारखा सलग वाचत सुटायचा, आणि म्हातारी माणसं पेटीवर टॉवेल टाकून झोपायची. मग समितीत ठरलं की याला आपल्याकडची रीत शिकवायची. आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो. हुंकार नाही तर गोष्ट नाही. एक अख्खं वर्ष गावातल्या हौशी मंडळींनी यंत्रासमोर बसून पुस्तकं वाचली, समोर दुसरं कोणी हुंकार देत बसलं, आणि यंत्र दोघांना ऐकत राहिलं. त्यातून ते परिच्छेदाशेवटी थांबायला शिकलं. पुढे कुणाचा हुंकार उत्सुकतेचा, कुणाचा कंटाळ्याचा, कुणाचा पेंगुळलेला, हेही त्याला कळू लागलं. हुंकार येण्याच्या आधीच तो कसा असेल याचा अंदाज ते बांधून ठेवतं आणि त्याप्रमाणे पुढच्या वाक्याचा सूर लावतं. म्हणून ऐकणाऱ्याला वाटायचं की समोर कोणीतरी आपलं बसलंय.

आणखी एक रीत मी स्वतः आग्रह धरून त्याच्यात घालायला लावली होती. हातात घेतलेली पोथी अर्धी ठेवायची नाही. सुरू केलेलं पुस्तक वाचकानं पूर्ण करायचंच. मला ते फार सुंदर वाटलं होतं तेव्हा.

*

वैजयंतीची दृष्टी मधुमेहानं गेली. तिला कादंबऱ्यांचं वेड, आणि मी पुस्तकांच्या घरात राहणारा नवरा. साहजिकच मी वाचून दाखवू लागलो. पण माझा आवाज वाचनालयात घडलेला. तिथे चाळीस वर्षं मी लोकांना 'हळू बोला' म्हणत आलो. चौथ्या-पाचव्या दिवशी ती म्हणाली, "अहो, मोठ्यानं. जप करताय का वाचताय?"

मी आवाज चढवला की अडखळायचो, आणि अडखळलो की ती हसायची. मग पेटी आली आणि आम्ही दोघं सुटलो. मी स्वयंपाकघरात भांडी विसळत तिचे हुंकार ऐकायचो. साधा 'हं.' कोणी खोटं बोलत असेल तर लांबवलेला 'हूंऽ'. लग्न मोडलं, कोणी पळून गेलं, तर 'अगंबाई'. पंख्याच्या घरघरीत ऐकू आलं नाही तर पेटीलाही तेच, "मोठ्यानं." आणि पुस्तक संपलं की दर वेळी विचारायची, "संपलं?" वाचक म्हणायचा, "संपलं." त्यावर ती म्हणायची, "बरं." जेवण झाल्यावर ताट बाजूला सारतात तसं.

शेवटचे काही आठवडे ती ऐकता ऐकता झोपून जायची. वाचक थांबायचा आणि दुसऱ्या दिवशी दोन पानं मागून सुरू करायचा. त्या वेळी एका जुन्या लेखिकेची कादंबरी चालू होती. आता तिचं नाव कोणाला आठवत नाही, पुस्तकाची आमची प्रत बहुधा शेवटचीच. कोकणातल्या एका लग्नघराची गोष्ट. वऱ्हाड दारात, विहिणी रुसलेल्या, चुली पेटलेल्या, आणि आचाऱ्याचा पत्ता नाही.

ती गेल्यावर मी पेटी पुसून वाचनालयाच्या कपाटात ठेवली, आणि सभासद यादीतून तिची चौदावी ओळ कमी केली. काम म्हणून केलं. अशा वेळी कामच बरं असतं.

*

मी बोलावल्यावरून सानिया आली, तेव्हाही दुपारच होती. यंत्र आमच्या संदर्भ विभागाच्या मागच्या खोलीत आहे. राखाडी रंगाचं, गोदरेजच्या कपाटाच्या निम्म्या उंचीचं. त्याच्या शेजारी एक पडदा, एक कळफलक आणि वाचणाऱ्यासाठी एक मायक्रोफोन, शिकवण्याच्या वर्षापासून तसाच लावलेला.

"हा कन्सोल," ती म्हणाली. "सर, तुम्हाला वाटतं हे एकच यंत्र आहे. तसं नाही. सर्व्हरच्या पोटात एक वेगळा चिमुकला संगणक असतो. त्याला वाचता येत नाही, बोलता येत नाही. काम एकच, राखण करणं. मोठा झोपला, वेडा झाला, मेला, तरी हा जागा. मोठ्याला उठवायचं किंवा पुसायचं तर याच्याकडूनच."

"म्हणजे रखवालदार."

"रखवालदार म्हणा. याच्याकडून कोणत्याही ओळीवर कानही ठेवता येतो." तिनं काही कळा दाबल्या. पडद्यावर ओळींचे आकडे आले. चालू ओळींपुढे हिरवा ठिपका होता. तिनं वरून खाली पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

"सर, तुमच्याकडे आत्ता ऐकणारे किती?"

मी सांगितलं.

"मग इथे जास्त कसे चालू दिसतायत?"

मी चष्मा पुसून आकडे वाचले. सातवी ओळ लोहारगल्लीतल्या आवबा सुतारांची. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. अकरावी कुलकर्णीबाईंची. त्याही नाहीत. चौदावी...

"चौदावी लाव," मी म्हणालो.

आधी वाचकाचा आवाज आला. विहिणी, चुली, रिकामी पातेली. मग तो परिच्छेदाशेवटी थांबला.

"हं."

सानियानं माझ्याकडे पाहिलं. ती वैजयंतीच्या हातचे लाडू खाल्लेली मुलगी. तिनं खुर्ची माझ्या मागे सरकवली आणि मी बसलो.

"पेटी तर कपाटात आहे," मी म्हणालो. "तारसुद्धा काढलीय."

"पेटीतून नाही येत हे, सर." बराच वेळ ती पडद्यात डोकं घालून होती. मग सावकाश म्हणाली, "अंदाज आहे. वाचक हुंकाराचा अंदाज आधीच बांधतो, माहितीय ना? काकूंचा हुंकार यायचा बंद झाला. पण पुस्तक अर्धं. अर्धं सोडायचं नाही, हा नियम. मग त्यानं स्वतः बांधलेला अंदाजच खरा धरला आणि पुढे वाचायला लागला. इतकी वर्षं वापरून पडलेली पायवाट आहे ती. कोणी आलं नाही तरी वाट असतेच."

"म्हणजे ती..."

"नाही, सर. काकू नाहीत. काकूंनी कसा हुंकार दिला असता, ते आहे."

त्या दोन्हींतला फरक मला कळत होता. आजही कळतो. पण त्या वेळी कन्सोलमधून 'हूंऽ' असा लांबवलेला आवाज आला, कारण नवऱ्यामुलाचा मामा खोटं बोलत होता, आणि मला फरकाचा उपयोग करता आला नाही.

थोड्या वेळानं हुंकार लांबले, सैल झाले. वाचक म्हणाला, "आचारी अजून आला नव्हता." उत्तर आलं नाही. नुसता श्वास. वाचक थांबला आणि ओळ शांत झाली.

सानियानं मागच्या नोंदी काढल्या. इतर गेलेल्यांची पुस्तकं संपत होती आणि वाचक त्यांच्या आवडीची नवी सुरू करत होता. चौदावी ओळ रोज त्याच दोन पानांवर होती. रोज दुपारी त्याच वाक्याला ती झोपी जात होती. शेवटचे आठवडे तसेच गेले होते. यंत्राजवळ तिची त्यानंतरची काही आठवण नव्हती, त्यामुळे पुढचं पान नव्हतं.

*

समितीची सभा झाली. अध्यक्ष मगदूमबाई, आणि पेटीवर ऐकणारे बरेच जण कोणाचातरी हात धरून आले. सानियानं सांगितलं की यंत्राची जवळपास निम्मी ताकद जे नाहीत त्यांच्यात चालली आहे. वाटा एकमेकींत घुसतायत, म्हणून एकाचा हुंकार दुसऱ्याच्या पेटीत येतोय. पुढे वाचनही एकमेकांत मिसळेल. उपाय एकच. कन्सोलवरून रीसेट. सगळ्या वाटा पुसून माळ मोकळा करायचा आणि पुन्हा शिकवायचं.

"म्हंजे त्याला आमीबी आठवनार न्हाई," वस्ताद म्हणाले.

"नाही आठवणार, मामा."

"मी कुटं हसतो, कुटं न्हाई, सगळं शिकवलं हुतं त्येला." "बरं. पैलवान म्हातारा झाला की दुसरा तयार करतातच की."

रीसेट दोन प्रकारचा असतो, असं सानियानं सांगितलं. जबरदस्तीचा म्हणजे एकदम वीज खेचल्यासारखा. वाक्य जिथे असेल तिथे तुटणार. त्यात वाटा अर्ध्यामुर्ध्या गोठून राहतात. माळ पुरता मोकळा होत नाही आणि नवं शिकणं कायम डागाळलेलं राहतं. दुसरा सौम्य. त्यात रखवालदार मोठ्याला सांगतो, नव्या पुस्तकाला हात घालू नकोस, चालू आहेत ती संपव, मग थांब. तो थांबला की वाटा सावकाश विरतात. सर्वानुमते सौम्य ठरला. कन्सोलची किल्ली माझ्याकडे असल्यामुळे आज्ञाही मीच दिली. पडद्यानं विचारलं, खात्री आहे? मी 'हो' दाबलं.

मग एकेक ठिपका विझू लागला. ज्यांची पुस्तकं बारीक, ते आधी. आवबा सुतारांचं शिकारकथांचं पुस्तक संपलं. कुलकर्णीबाईंचं चरित्र संपलं. मी प्रत्येकाच्या शेवटच्या पानाला कान ठेवून बसत असे; कोणीतरी असावं असं वाटायचं. वस्तादांचा खुनी सापडला. "मला पयल्यापास्नं ठावं हुतं," असं त्यांनी पेटीला ऐकवलं.

शेवटी एकच ठिपका उरला, आणि पडद्यावर एकच वाक्य. 'चालू वाचन पूर्ण होण्याची वाट पाहत आहे.'

आचारी अजून आला नव्हता.

*

सानियाचा फोन आला. "सर, चौदावी अडकलीय. मी येऊन जबरदस्तीचा करते. थोडे डाग राहतील, पण चालेल."

"नको," मी म्हणालो. "यंत्र खराब होईल. संपेल हळूहळू."

"रोज तीच दोन पानं आहेत, सर. कसं संपेल?"

"बघू."

मी बघत राहिलो. रोज डबा खाल्ल्यावर मागच्या खोलीत जायचं, चौदावी लावायची, डोळे मिटायचे. हं. हं. हूंऽ. एखादं 'अगंबाई'. मग श्वास. कोणी विचारलं तर मी म्हणायचो, "वाचन चालू आहे अजून," आणि ते खरंच होतं. जोवर ती दोन पानं संपत नव्हती तोवर यंत्र थांबणार नव्हतं, आणि जोवर ते थांबत नव्हतं तोवर गावात कोणाच्याही पेटीत नवं पुस्तक सुरू होणार नव्हतं. हे मला माहीत होतं. मी घरी जाताना गल्लीतून मान खाली घालून जायचो. एका खिडकीत आमचे एक म्हातारे सभासद पेटी मांडीवर घेऊन बसलेले दिसायचे. पेटी बंद. तिच्यावर हात.

एका दुपारी दारात काठी वाजली. मी ओळ बंद करायच्या आत वस्ताद खोलीत होते.

"हं," वैजयंती म्हणाली.

वस्ताद तिथेच उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात घेतली. आवाज विझेपर्यंत, श्वास सुरू होईपर्यंत ती त्यांच्या हातातच होती.

"रोज येतासा व्हय ऐकायला?"

"रोज."

"आन् त्या रोज तितंच झोपत्यात."

"हो."

"पुस्तकसाहेब," ते खुर्ची चाचपत म्हणाले, "तुमी लई शिकलेलं. मी काय सांगनार? आमाला कुलूप लावलंसा, त्येचं ऱ्हाऊ द्या. आमी रेडिओ लावू. पर त्या बाईचं बघा की. लग्नाची पंगत बसायची ऱ्हायलीया, पाहुनं उपाशी, आन् रोज भुकेल्या पोटी झोपवतासा त्यांना. आलाय का न्हाई आचारी? तुमी तर वाचलं आसंल पुस्तक."

"आला," मी म्हणालो. "पुढच्याच पानावर येतो."

"मंग सांगा की त्यांना!"

*

मी त्यांना थांबायला सांगितलं आणि कपाटातून पुस्तक काढून आणलं. पिवळी पानं, शिवण सुटलेली. शिकवण्याच्या वर्षी माणसं ज्या पद्धतीनं यंत्राला वाचून दाखवत, ती कन्सोलवर अजून होती. 'वाचणारा: यंत्र' असं लिहिलं होतं, तिथे मी 'माणूस' केलं. ओळ चौदा. दोन पानं मागून.

मला खात्री होती की काही होणार नाही. यंत्राजवळ माझ्या वाचनाला तिनं दिलेला एकही हुंकार नव्हता. मी वाचलं ते पेटी यायच्या आधी. तिची माझ्या आवाजाकडे येणारी वाटच तिथे पडलेली नव्हती.

मी वाचू लागलो. वऱ्हाड, विहिणी, चुली. परिच्छेद संपला. थांबलो. काही नाही. खोलीत फक्त यंत्राचा पंखा घरघरत होता. दुसरा परिच्छेद. काही नाही. अक्षरं हलायला लागली. 'बघा, हे माझं काम नाही,' असं मी वस्तादांना सांगणार होतो. तिसऱ्या परिच्छेदाच्या मध्येच, कोणी थांबलेलं नसताना, आवाज आला.

"मोठ्यानं."

वस्ताद ताठ झाले. माझ्या हातातून पान सुटलं.

याचं कारण मला ठाऊक आहे. सानियानं नंतर सांगायची गरज नव्हती. पंख्याच्या घरघरीत आवाज बारीक आला की ती पेटीला हेच म्हणायची. ती वाट खोल होती, आणि माझा आवाज बारीक होता. एवढंच. पण तो शब्द मला ज्या सुरात ऐकू आला, तो पेटीला म्हणायचा सूर नव्हता. त्यात 'अहो' नव्हतं, तरी होतं. किंवा मला तसं वाटलं. मी या बाबतीत साक्षीदार म्हणून फारसा उपयोगाचा नाही.

मी उभा राहिलो. पुस्तक डोळ्यांसमोर धरलं आणि ओरडून वाचू लागलो. चाळीस वर्षं मी ज्या इमारतीत 'हळू' म्हणत होतो, तिथे माझा आवाज कपाटांवर आपटून परत येत होता. अडखळलो. पुन्हा वाचलं.

"आचारी अजून आला नव्हता."

थांबलो. इथेच ती झोपायची.

"हं," वैजयंती म्हणाली. जागी.

मी पान उलटलं. आचारी आला. होडी उलटल्यामुळे भिजून, डोक्यावर झारा आणि कढई घेऊन, अर्धा कोस पाण्यातून चालत आला. आणि आल्या आल्या सगळ्यांवर खेकसला की चुली कोणी पेटवल्या एवढ्या लवकर.

"अगंबाई," ती म्हणाली. वस्ताद मोठ्यानं हसले.

शिपाई परत आला आणि दारातून बघून गेला. चार वाजता त्यानं वाचनालय उघडलं. लोक आले, आवाज ऐकून आले ते दाराशी थांबले आणि मगदूमबाईंनी सगळ्यांना बसायला लावलं. मी पाहिलं, पण थांबलो नाही. घसा बसला तरी थांबलो नाही, आणि थांबायचं तिथे बरोबर थांबलो. तिचे हुंकार येत राहिले. काही माझ्या ओळखीचे, काही आधी कधी ऐकलेले नव्हते असे वाटले. पंगती उठल्या. विहिणींचा रुसवा निघाला. वऱ्हाड होडीत बसलं. शेवटच्या पानावर अर्धाच मजकूर होता.

तो वाचून मी पुस्तक मिटलं.

"संपलं?" तिनं विचारलं.

मला ते उत्तर माहीत होतं. हजारदा ऐकलं होतं मी ते स्वयंपाकघरातून. मी वस्तादांकडे पाहिलं. त्यांना दिसत नाही, तरी त्यांनी मान खाली घातली.

मी म्हणालो नसतो, तर पडद्यावरचं वाक्य तसंच राहिलं असतं. अजूनही.

"संपलं," मी म्हणालो. मोठ्यानं.

"बरं."

ठिपका विझला. पडद्यावर आलं, 'चालू वाचन नाही.' मग यंत्राचा पंखा मंद होत थांबला. त्या खोलीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. फक्त कन्सोलचा बारीक दिवा लुकलुकत राहिला. रखवालदार जागा होता.

*

नव्या वाचकाला शिकवायला वर्ष लागलं. वाचायला मी बसलो आणि हुंकार द्यायला बापू वस्ताद. इतर मंडळी होतीच, पण जास्त करून आम्ही दोघं. माझा आवाज आता बाहेरच्या रस्त्यापर्यंत जातो, अशी तक्रार आहे.

सानिया मधूनमधून येऊन तपासून जायची. माळ स्वच्छ होता, असं तिनं दोनदा सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

पेट्या पुन्हा सुरू झाल्या त्या आठवड्यात ती कन्सोलसमोर बसली होती आणि कपाळाला आठ्या होत्या. "सर, एक दोष राहिलाय. परिच्छेद संपला की हा थांबतो, हुंकार येतो, ठीक. पण हुंकार आल्यावर लगेच पुढे जात नाही. आणखी एकदा थांबतो. अगदी थोडंसं. प्रत्येक ओळीवर. हे कुठून शिकला?"

वस्ताद कोपऱ्यात बसले होते. "ह्येंच्याकडनंच," ते म्हणाले. "वर्षभर बघतोय. मी हूं दिला तरी ह्ये थांबलेलेच. मी म्हनायचो, दिला की हुंकार, व्हा फुडं. एकदा थांबायचं माझ्यासाठी. दुसऱ्यांदा कुनासाठी, त्ये म्या कधी इचारलं न्हाई."

सानियाची बोटं कळफलकावर होती. "कन्सोलवरून काढता येईल. दोन मिनिटांचं काम आहे. काढू?"

खोलीत वाचक कोणाच्यातरी ओळीवर वाचत होता. परिच्छेद संपला. कोणीतरी 'हं' म्हणालं. मग ती दुसरी, लहानशी जागा आली.



वाचक पुढे वाचू लागला. सानियानं कळफलकावरची बोटं उचलली आणि कन्सोल बंद केला.